पत्र्याआधी कागद

जळगावच्या एमआयडीसीत लेसरने पत्रा कापून देतात, तिथे धुळ्याकडचे एक गृहस्थ कॉम्प्युटरवर बसतात. केळीच्या वेफर्ससाठी ट्रे करवून घ्यायला मी नेहमी जाते, पण त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलंय. ते ट्रे पडद्यावर उलगडून सपाट करतात. मग फाइल लेसरकडे पाठवण्याआधी कागदावर छापतात, लेसर जी जी रेघ कापणार, ती प्रत्येक कात्रीने कापतात आणि घडी घालून बघतात. तोंडाने सारखं "हं... हं..." चालू.

परवा माझ्याजवळ पत्रा एकच उरला होता. तरी मीच म्हटलं, "भाऊ, पाठवा ना आता. कॉम्प्युटर कुठे चुकतो?"

"घाई कोनले शे अक्का, तुमले का पत्राले?"

कात्री फिरली आणि ट्रेचे चारही काठ सुटून टेबलावर पडले. वाकवायच्या रेघासुद्धा फाइलमध्ये कापायच्या म्हणून गेल्या होत्या. लेसरने पत्र्याचंही हेच केलं असतं.

मी त्यांना माझी जुनी गोष्ट सांगितली. विशीतही मी अशीच शहाणी होते. भावाच्या लग्नासाठी ब्लाउज अगदी अंगाच्या मापाचा कापला, शिलाईला कापड सोडलंच नाही. मग भर वैशाखात शाल पांघरून मिरवले आणि विचारील त्याला सांगितलं, थंडी वाजतेय!

हे ऐकून ते पहिल्यांदाच खळखळून हसले. फाइल सुधारून त्यांनी पुन्हा छापली आणि कात्री माझ्या हातात दिली.

मी कापला कागद. ट्रे नीट उभा राहिला. "हं... हं..." मात्र या वेळी मी करत होते.