गावातली एक बाई

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी नाही. देवापुढे बसते तेव्हाही एवढं गाळूनच बाकीचं बोलते. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

चामोर्शीपासून बैलगाडीच्या वाटेवर आमचं गाव. घरी धानाची शेती. मी थोरली जाऊ — रोवणीला कोणी जायचं, किती धान कांडायला काढायचं, बाळंतिणीला काय वाढायचं, सगळं माझ्या शब्दावर. माहेर चांद्याचं, चार इयत्ता शिकलेली. मला रडारड जमत नाही. कामाचं बोला, असं म्हणायची मला सवय आहे. लोक मला थोडे भितात, आणि खरं सांगू? मला ते आवडतं.

शिवाय मी पायाळू. जन्मताना पाय आधी आले. आमच्याकडे पायाळू माणसाच्या लाथेत गुण असतो असं समजतात — पाठीत उसण भरली की धडधाकट बाप्ये येऊन अंगणात पालथे पडतात. पायाचा गुण लोकांनी हळूहळू माझ्या हातालाही लावून टाकला. कोणाला केसतूट झालं, गळू पिकलं, की माझ्याकडे. आधी गूळ-चुन्याचा लेप. तोंड धरलं की पात्याने चिरायचं, पिळायचं, हळद दाबायची. बहुतेकांचं बरं व्हायचं. बहुतेकांचं माझ्याशिवायही झालं असतं — पण हे तेव्हा कोण मान्य करणार?

पारबता माझी धाकटी जाऊ. अंगाने भरलेली, बोलकी, जराशी आळशी. पहिलं मतदान झालं त्या वर्षी तिला गळवं सुरू झाली. काखेत, मांडीवर, जिथे झालं की बसता येत नाही तिथे. एक बसलं की दुसरं. पुरुषाला दाखवायच्या जागा नव्हेत. ती मलाच दाखवायची. मी चिरायची. ती दातात पदर धरायची, आणि झालं की हसायची.

"बाई, माह्यं आंग म्हंजे धरमशाळा झालं. एक पाहुणा गेला का दुसरा हजर."

"गप पड. हलू नको."

"हलून कुठी जातो? तुमी तं वरच बसल्या."

तिला तहान फार लागायची. भूकही. भाताची थाळी संपली की पुन्हा हात पुढे. ती मोरीत जाऊन आली की तिथे मुंग्यांची रांग लागायची. ते मी पाहिलं होतं. पाणी ओतून मुंग्या घालवल्या होत्या. त्यापुढे विचार केला नव्हता — आणि इथवर तरी माझा दोष नाही. दोष पुढे आहे.

एक गळू काही केल्या भरेना, म्हणून तिला घेऊन मी चांद्याला गेले. डोंग्याने वैनगंगा ओलांडली, पुढे मोटार. तिच्या नवऱ्याला, माझ्या दिराला, शेत सोडवत नव्हतं, आणि मी असल्यावर त्याची गरज कोणाला वाटली नाही. दवाखान्यात तिला पडद्यामागे निजवलं. डॉक्टरांनी तिची लघवी नळीत घेऊन निळ्या पाण्याबरोबर तापवली. बघता बघता ते पाणी विटकरी झालं. मग डॉक्टर पडद्याबाहेर आले, माझ्याशी बोलायला.

हळू आवाजात बोलले. हा मधुमेह आहे. रक्तातली साखर उतरल्याशिवाय गळवं थांबायची नाहीत. रोज सुई टोचावी लागेल. भात थोडा, गोड बंद. आणि घरी पातं लावणं आजपासून बंद, अशा माणसाची जखम चिघळली तर जीव जातो. मग त्यांनी विचारलं,

"हे चिरतं कोण?"

मी म्हणाले, "गावातली एक बाई."

एवढंच. विचार करायलाही वेळ लागला नाही. जिभेवर तयारच होतं जणू.

"तिला सांगा, पुन्हा हात लावायचा नाही," डॉक्टर म्हणाले. मग म्हणाले — हे मला सगळ्यात जास्त छळतं — "तुम्ही धीराच्या दिसता. दोघी आठवडाभर इथे राहा. सुई टोचायला शिकवतो, म्हणजे घरी देता येईल."

शिकता आलं असतं मला. माझा हात थरथरत नाही. चांद्याला भाऊ होता, राहायची सोय होती. घरात धान होतं, दीर नाही म्हणाला नसता. मग मी का नाही राहिले?

राहिले असते तर गावी जाऊन सांगावं लागलं असतं. सुई कशाला, तर साखर म्हणून. आता चिरायचं का नाही, तर चिरणंच वाईट म्हणून. आणि इतके दिवस कोण चिरत होतं? भीती वाटली असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत आले. ती भीती नव्हती. ऐट होती.

डॉक्टरांना म्हणाले, घरी विचारून येते. पारबता पदर सारखा करत बाहेर आली. तिने विचारलं, "काय म्हने?" मी म्हणाले, "उष्णता आहे. मलम दिलंय. चल, मोटार चुकेल."

ती खूश झाली. तिला वाटलं होतं काहीतरी मोठं निघेल.

घरी आल्यावर डॉक्टरांनी सांगितलेल्यातलं जेवढं कारण न देता करता येत होतं, तेवढं मी केलं. म्हणजे तिचा भात कमी केला. गूळ फळीवरून काढून कुलपात ठेवला. लेकरांना लाडू द्यायचे आणि तिला नाही. का ते सांगायचं नाही. तुम्ही तिच्या जागी काय समजला असता? ती तेच समजली. त्या आजारात माणूस जेवलं तरी उपाशी असतं, आणि मी तिच्या थाळीवरून हात आखडत होते. ती विहिरीवर बायांना म्हणाली, "बाई मले पोटभर भात देत नाई. काय केलं मी त्याहीचं?" बायांनी ते मला आणून सांगितलं. मी म्हटलं, आळशी आहे, खायला हवं नुसतं.

हो, असं म्हटलं मी. गावाने मला कंजूष म्हटलेलं मला चाललं. हात वाईट म्हटलेला चालणार नव्हता.

एकदा ती गोठ्यात सापडली. वाळवलेली मोहाची फुलं ओच्यात घेऊन बकाबका खात होती. मोहफूल किती गोड, तुम्हाला ठाऊक असेल. मी तिच्या हातातून ती हिसकावली. "जनावरं बरी तुझ्यापेक्षा," म्हणाले. तिची लेक कमळी दारात उभी होती, लहान होती तेव्हा. पारबता ओठांना चिकटलेलं फूल पुसत म्हणाली, "भूक लागते, बाई. काऊन लागते, मलेच समजत नाई."

मला समजत होतं.

धान कापणीच्या दिवसांत तिच्या पाठीवर काळपुळी उठली. मानेच्या खाली, तळहाताएवढी, चाळणीसारखी तोंडं असलेली. मी पाहिलं आणि मला कळलं. लेप लावून दोन दिवस टाळलं. ती तळमळत होती. घर बघत होतं, दीर बघत होता, शेजारणी दारात. सगळ्यांना माझ्या हाताचा भरवसा, तिला सर्वांत जास्त.

"चिरा ना, बाई. तुमचा हात लागला का हलकं वाटते."

मी तेव्हाही सांगू शकले असते. पातं खाली ठेवून एवढंच म्हणायचं होतं की मला मनाई आहे.

मी चिरलं.

ताप चढला. नंतर ती ओळखेनाशी झाली, श्वासाला पिकल्या फळासारखा वास येऊ लागला. गाडी जुंपली. नदीला पूर नव्हता, डोंगा सुरू होता — म्हणजे तीही सबब नाही. वाटेत दिराने बैल हाकता हाकता विचारलं, "वयनी, मागच्या बारी डॉक्टर काय म्हने?"

तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

मी म्हणाले, "उष्णता."

वैनगंगेच्या रेतीत चाकं रुतली. आम्ही उतरून ढकलत होतो, तेवढ्यात ती गेली. कोणाच्या लक्षात आलं नाही. मी वळून पाहिलं तेव्हा डोळे उघडे होते.

त्यानंतर मी पातं लावलं नाही. लोक म्हणाले, जावेच्या दुःखाने बाईने हात सोडला. लहान बहिणीसारखी सेवा केली, असंही म्हणाले. दीर माझ्या पाया पडला. मी पाय मागे घेतले नाहीत.

कमळीला मीच वाढवलं. आता ती लग्नाची झाली आहे, मला मोठी माय म्हणते. परवा विहिरीवरून रिकामी घागर घेऊन तणतणत आली. कोणीतरी जुनं उकरून काढलं होतं की हिच्या मायला थोरल्या जावेने उपाशी ठेवलं.

"मी बराबर सुनावून आली त्याहीले," कमळी म्हणाली. "माह्या मोठ्या मायनं जीव लावला म्हटलं. तुमी काय पाह्यलं?"

तिने गोठ्याच्या दारातून पाहिलं होतं. ते तिला आठवत नाही, की आठवूनही ती माझ्या बाजूने भांडते, हे मी कधी विचारलं नाही. मी तिला घागर खाली ठेवायला सांगितलं आणि जेवायला वाढलं.

हे सगळं सांगायचं ते तिला. तुम्हाला सांगितलं. तिला सांगितलेलं नाही.