श्वास सोडायला शिकवणारी गुरम्मा

"बाई, तुम्ही योग शिकवता का?" असं गुरम्माला कुणी विचारलं असतं, तर तिनं त्या माणसाला वरपासून खालपर्यंत न्याहाळून "मी कांड्या भरते" एवढंच सांगितलं असतं. आणि ते काही खोटं नव्हतं. सोलापुरात भवानी पेठेतल्या एका बोळात तिचं दोन खणांचं घर होतं. भाकरी थापून झाली की ती दारातल्या सूत गुंडाळायच्या रहाटाला बसायची, ती ऊन कलेपर्यंत हातमागवाल्यांसाठी सुताच्या कांड्या भरत राहायची. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि तोंड असलं फटकळ की नळावरची भांडणंसुद्धा तिला बघून आवाज खाली करत.

पण १९२८-२९च्या सुमाराला त्या पेठेत कुणाचा ऊर भरला, कुणाला झोप लागेना, कुणा पोरीच्या छातीत धडधड व्हायला लागली, की माणसं औषधाची बाटली एका हातात धरून दुसऱ्या हातानं तिचंच दार वाजवायची. तिनं कुणाकडून छदामही घेतला नाही. उलट उशिरा येणाऱ्याला शिव्या फुकट मिळत.

हे तिला आलं कुठून, तर बापाकडून. बाप गुरप्पा अक्कलकोटच्या बाजूच्या एका मठात झाडलोट करायचा. मठात येणारे-जाणारे साधू पहाटे आसनं घालत आणि हा झाडू हातात धरून बघत राही. त्याला कुणी शिकवलं नाही, हाकललंही नाही. घरी पाच वर्षांची गुरम्मा दम्यानं निळी पडायची. वैद्यानं सांगितलं होतं, पोरगी सात वर्षांची व्हायची नाही. मग गुरप्पानं बघितलेलं सगळं लेकीवर करून पाहिलं. पालथं निजवायचं, हातांवर कपाळ टेकवायचं. गुडघ्यांवर आणून मांजरासारखी पाठ वाकवायची. भिंतीला पाय लावून उताणं पाडायचं. संस्कृत नावं त्याला माहीत नव्हती. एकच शब्द तो पुनःपुन्हा म्हणायचा, "बिडु, बिडु." कानडीत म्हणजे, सोड, सोड. सात वर्षांची व्हायची नाही म्हटलेली ती पोरगी आता बेचाळिशीची होती आणि वैद्यबुवा कधीच वर गेले होते.

तर अशा या गुरम्माच्या भिंतीपलीकडं धोंडीराम राहायचा. गिरणीत साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला. दोन साचे सांभाळायचा. वय तिशीच्या आतलं, अंगानं दणकट. मार्गशीर्षात त्याची बायको बाळंतपणात गेली, पोरही गेलं. घरात तो आणि त्याची म्हातारी आई गोजाबाई, एवढीच दोघं उरली. धोंडीराम रडला नाही. तेराव्यानंतर कामावर गेला, आणि पंधरा दिवसांत दोनदा साच्यापाशी चक्कर येऊन पडला. श्वासच पुरेना. दवाखान्यात डाक्तरनं नळी लावून छाती तपासली, फुफ्फुस धड आहे म्हणाला, लाल औषध दिलं. लाल औषध पिऊन जीभ लाल झाली, बाकी काही नाही.

जॉबर, म्हणजे साचेवाल्यांवरचा मुकादम, तसा वाईट माणूस नव्हता, पण त्यालाही वरून विचारणारे होतेच. तो म्हणाला, "घरी बस. शिवरात्रीनंतरच्या सोमवारी साच्यावर उभा राहिलास तर साचे तुझे. न्हाय राहिलास तर बदलीवाल्या येडूला देतो. मग माझ्या नावानं खडे फोडू नको." सोलापुरात त्या काळी गिरणीतले साचे एकदा हातचे गेले की गेले. दुसऱ्याच्या जागी काम मिळावं म्हणून दारावर बदलीवाल्यांची ही रांग लागलेली असायची. आणि धोंडीरामाला दुसरं काही येत नव्हतं.

भिंत पातळ होती. रहाट थांबला की गुरम्माला धोंडीरामाचा श्वास ऐकू यायचा. चार दिवस तिनं ऐकला. पाचव्या दिवशी हातातली कांडी अर्धी टाकून ती तडक शेजारच्या घरात शिरली.

"मावशी," ती गोजाबाईला म्हणाली, "तुमचा ल्योक नुसता आत घेतोय. बाहेर काय सोडंना. घागर भरलेली हाय आन् वरून पानी वततोय. सकाळच्या भोंग्याच्या आदी पाठवा माझ्याकडं."

"काय करनार तू?"

"काय न्हाय. जागा करून देते."

दुसऱ्या दिवशी धोंडीराम आला, मान खाली घालून. मागोमाग गोजाबाईही आली, कारण विधवा बाईच्या घरात तरणा विधुर एकटा पाठवायचा नाही एवढी अक्कल म्हातारीला होती. आणि पहिल्याच दिवशी गुरम्मानं घोळ घातला. घोंगडी अंथरून ती सरळ म्हणाली, "मढ्यागत पड."

बाप असंच म्हणायचा, तिच्या तोंडात तेच बसलेलं. पण ज्या घरातून दीड महिन्यापूर्वी तिरडी उठली, त्या घरच्या माणसाला हे सांगायचं? गोजाबाईनं लेकाचा दंड धरला आणि जाता जाता गुरम्माच्या सात पिढ्या काढल्या. खरं सांगायचं तर चूक गुरम्माचीच होती, आणि ती तिला कळलीही. तिला चूक कबूल करताना बघणं ही पेठेतली दुर्मिळ गोष्ट. पण संध्याकाळी ती गोजाबाईच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. "माझी जीभ जळो," म्हणाली. "उद्या पाठवा. शेतात दुपारी बांधावर आडवं होत्यात, तसं पड म्हनते." म्हातारी शेतकऱ्याच्या घरची. बांधावरची दुपार तिला समजली.

मग रोज पहाटे ते सुरू झालं. पालथं निजणं, पाठ वाकवणं, पाय भिंतीला. प्रत्येक गोष्ट गुरम्मा आधी स्वतः करायची, पदर कमरेला खोचून, आणि धोंडीराम बघून करायचा. अंग सुटायला लागलं. खांदे कानांपासून खाली आले. पण "आता श्वास घे" म्हटलं, की सगळं मुसळ केरात. ओठांचा चंबू करून, मान एका बाजूला झटकून तो असा काही सूंऽ करून हवा ओढायचा, की छाती एका दमात भरून ताठ. मग डोळे पांढरे, कपाळाला घाम.

"नाकानं रे बाबा."

"नाकानंच घेतोय की, गुरम्माक्का."

"मग हे तोंड काय माझं हाय?"

आठ दिवस हेच. गुरम्मा चिडली, स्वतःवर जास्त. नवव्या दिवशी तिनं त्याच्याकडं बघायचं सोडून त्याच्या हातांकडं बघितलं. "श्वास घे" म्हणताच त्याचा उजवा हात मांडीवरून आपसूक उठत होता, तोंडाशी येत होता, आणि बोटं कसली तरी लांबट वस्तू धरल्यासारखी वळत होती. बघता बघता गुरम्माच्या लक्षात आलं, आणि ती कपाळावर हात मारून हसत सुटली. तिचा नवरा चौदा वर्षं गिरणीत होता. त्याचाही हात झोपेत असाच उठायचा.

धोटा! साच्यावर आडवं सूत इकडून तिकडं नेणाऱ्या धोट्यात नवी कांडी घातली, की सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढावं लागतं. बोटानं ते निघत नाही. विणकर भोकाला ओठ लावतो आणि जोरात ओढतो. सूत बाहेर येतं, आणि त्याच्याबरोबर कापसाची पूड घशात जाते. दिवसातून दोनशे-अडीचशे वेळा. धोंडीराम बाराव्या वर्षापासून गिरणीत. "ओढ" म्हटलं की त्याचं शरीर एकच ओढणं जाणत होतं. साचेवाल्याशिवाय दुसऱ्या कुणाला असा श्वास घ्यायचं सुचलंही नसतं.

गुरम्मानं तांब्या आणला. "तोंडभर पानी घे. गिळू नको, थुकू नको. हात मांडीखाली दाब." आता तोंड बंद, हात बंद. ओढायचं कशानं? धोंडीराम घाबरला, डोळे मोठे झाले, पाणी नाकातून उडालं. गोजाबाई म्हणाली, "मारशील माझ्या पोराला." पण तिसऱ्या दिवशी पाणी तोंडातच राहिलं आणि नाकातून श्वास आत गेला, हळू, बाळाचा जातो तसा. गुरम्मानं त्या दिवशी दोघांना शेंगांची चटणी आणि कडक भाकरी खाऊ घातली. बाई खूष झाली की खायला घालायची. तोंडानं चांगलं म्हणणं तिला जमायचं नाही.

घेणं जमलं. सोडणं जमेना.

सोडण्यासाठी तिच्याकडं एकच युक्ती होती. आवाज करायचा. घशातून, लांब, दम संपेतोवर. "देवाचं नाव घे आन् त्याच्यावर श्वास सोड," ती म्हणाली आणि 'शिवा' असं म्हणत तिनं तो 'आ' इतका लांबवला, की बाहेरची चिमणी उडून गेली. धोंडीरामानं 'शिवा' म्हणून पाहिलं, अर्ध्यात तुटलं. "तुझ्या घरचा देव घे," तिनं सांगितलं. त्यानं खंडोबा घेतला, विठोबा घेतला, तुळजाभवानी घेतली. प्रत्येक नाव मधेच गळ्यात अडकायचं आणि तो पुन्हा हवा ओढायचा. शिवरात्र आली, गेली. गुरम्माचा उपास झाला, सुटला. रविवार उजाडला. उद्या सोमवार.

त्या पहाटे धोंडीराम घोंगडीवर बसलाच नाही. दारातच उभा राहिला.

"ऱ्हाऊ द्या, गुरम्माक्का. येडूला देऊ द्या साचे. माझ्यात काय ऱ्हायलं न्हाय."

"बस खाली."

तो बसला. गोजाबाई भिंतीला टेकून बसली, तिच्याही तोंडचं पाणी पळालेलं. गुरम्मानं तांब्या बाजूला सारला. मग ती म्हणाली, "देवाचं नाव नको. तुज्या बायकोचं घे."

धोंडीरामानं मान वर केली. गोजाबाईनं पदर तोंडाला लावला. कारण घरात बायकोला नावानं हाक मारायची रीतच नव्हती. लग्नात उखाण्यात एकदा पुटपुटला असेल तेवढंच. पाच वर्षं "अगं" आणि "आयकलंस का" यांच्यावर संसार झाला. आणि ती गेल्यावर तर तिचं नाव घरात कुणीच उच्चारलं नव्हतं, रडताना म्हातारीनंही नाही.

"न्हाय जमनार," तो म्हणाला. "कदी घेतलं न्हाय."

आता गुरम्माची पाळी होती. आजवर तिनं स्वतः केल्याशिवाय त्याला काही करायला लावलं नव्हतं, आणि इथं येऊन मागं सरायची ती बाई नव्हे. पण तिलाही हे जड होतं, खूप जड. चार वर्षांपूर्वी दोन दिवसांच्या तापात तिचा नवरा गेला. जिवंत होता तेव्हा "आमचे हे", मेल्यावर "आमचे ते". तिचं सगळं फटकळपण ज्याच्यावर झाकण म्हणून बसलं होतं, ते एक नाव होतं, आणि ते तिनं स्वतःशीसुद्धा घेतलं नव्हतं. ती पाठ ताठ करून बसली, डोळे मिटले, नाकानं सावकाश श्वास घेतला.

"संगप्पाऽऽऽ"

आवाज आधी स्थिर होता, मग थरथरला, पण तिनं तो तोडला नाही. दम संपेपर्यंत ती ते नाव सोडत राहिली. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायलाही तिनं हात उचलला नाही.

"आता तू," ती म्हणाली.

धोंडीरामाचे ओठ हलले. पहिल्यांदा नुसती हवा आली. मग, "मुक्ताऽऽ" आणि ते नाव थांबलंच नाही. पोटातून, बरगड्यांच्या मागून, कुठून कुठून येत राहिलं, आणि शेवटी त्याचं हुंदक्यात रूपांतर झालं. अडीच महिन्यांचं सगळं रडणं त्या घोंगडीवर आलं. गोजाबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो तिथंच झोपला, तो दुपारपर्यंत उठला नाही, आणि झोपेत त्याची छाती खालवर होताना गुरम्मानं मोजून पाहिली. आत जेवढं, त्याहून बाहेर लांब.

सोमवारी भोंगा झाला आणि धोंडीराम गिरणीत गेला. जाताना गुरम्मानं त्याच्या हातात एक वाकवलेली बारीक तार दिली होती, धोट्यातून सूत ओढायला. तारेनं वेळ लागणार, जॉबर कुरकुरणार, हे दोघांनाही माहीत होतं. पण तो दोन्ही साच्यांवर उभा राहिला, चक्कर न येता राहिला, ही बातमी जेवणाच्या सुट्टीनंतर पेठेत पोचली.

गोजाबाई ती बातमी सांगायला गुरम्माच्या घरी आली. रहाट बंद होता. गुरम्मा चुलीपाशी भिंतीकडं तोंड करून बसलेली, सकाळपासून कांडी भरलेली नाही, भाकरी केलेली नाही. म्हातारीनं बातमी सांगितली. गुरम्मानं नुसती मान हलवली. सगळ्या पेठेचा श्वास मोकळा करणारी ती बाई स्वतः वरवरचा, तोकडा श्वास घेत होती. काल इतक्या वर्षांनी उघडलेलं ते दार तिला आता एकटीला बंद करता येत नव्हतं.

गोजाबाई तिच्याजवळ सरकून बसली. तिच्या पाठीवर हात ठेवला. जी बाई महिन्याभरापूर्वी तिच्या सात पिढ्या काढून गेली होती, तीच आता हळू आवाजात म्हणाली, "घे की तेचं नाव आनि एकदा. आज मी हाय हितं."