प्रयोग संपल्यावरची जोडी

इस्पितळाच्या धुलाईखान्यात मावशीला एकवीस वर्षं झाली होती. एकवीस वर्षं ती खिडकीकडच्या टेबलावर चादरींच्या घड्या घालत होती. खिडकीकडचं टेबल नदीपलीकडच्यांचं, दाराकडचं अलीकडच्यांचं. डबेसुद्धा वेगळ्या फळ्यांवर.

मग विद्यापीठातल्या एक बाई आल्या. दोन गटांतल्या माणसांनी बरोबरीनं एकच काम केलं, तर मनातली अढी सुटते का, हे त्यांना पाहायचं होतं. मोठ्या चादरीची घडी घालायला दोघी लागतात. बाईंनी पलीकडची एक, अलीकडची एक अशा आठ जोड्या लावल्या. मावशीच्या वाट्याला आली लंबू.

पहिला आठवडा दोघी मिठाची गुळणी धरून होत्या. लंबू ताडमाड, मावशी बुटकी. चादर सारखी जमिनीला टेकायची. शेवटी लंबू म्हणाली, "मी वाकते, तुम्ही जरा टाचा उचला. नाहीतर धुतलेलं परत धुवावं लागेल." मावशीला हसू आवरेना. मग लंबूच्या मुलीचं रखडलेलं लग्न, मावशीचा गुडघा, सगळं बोलून झालं.

आठ आठवड्यांनी बाईंनी फॉर्म भरून घेतले, आभार मानले आणि गेल्या. सोमवारी मुकादम म्हणाला, "चला, जिचं तिचं टेबल."

मावशी जागची हलली नाही.

"मावशी, प्रयोग संपला."

"बाईंचा संपला. माझं काम चालू आहे."

"उगाच फाटे फोडू नका."

"फाटे एकवीस वर्षं फुटलेलेच होते. तेव्हा नाही दिसले तुम्हाला."

मुकादमानं तिला मळके कपडे निवडायला धाडलं. खिडकीकडे तिची सख्खी नणंद होती. ती फणकाऱ्यानं म्हणाली, "आपली माणसं सोडून तिकडे काय ठेवलंय?"

"माझी जोडीदारीण," मावशी म्हणाली. नणंदेनं बोलणं टाकलं.

लंबू दोन दिवस दाराकडच्या टेबलावर मान खाली घालून होती. तिचेही कान भरणारे होतेच. तिसऱ्या दिवशी हातमोजे चढवून ती मळक्या ढिगापाशी आली. "मलाही इथंच ठेवा," तिनं मुकादमाला सांगितलं. तिकडे घड्यांचं काम तुंबलं, वॉर्डांतून फोनवर फोन येऊ लागले. पंधरवड्यानं मुकादमानं मुकाट्यानं दोघींना मधे एक टेबल टाकून दिलं. बाकीच्या चौदाजणी मात्र आपापल्या जागी गेल्या त्या गेल्याच.

वर्षानं बाई पुन्हा फॉर्म घेऊन आल्या. मावशीचा भरून झाल्यावर म्हणाल्या, "लंबूवर तुमचा जीव आहे, पण अलीकडच्या लोकांबद्दल मत फारसं बदललेलं नाही. बऱ्याच ठिकाणी असंच दिसतं."

"सगळे मी कुठं पाहिलेत? एक पाहिली," मावशी म्हणाली. "आठ आठवडे जोड्या लावल्यात आणि निघून गेलात. मत बदलायला हवं असेल तर मुकादमाला सांगा, जोड्या फिरवत राहा म्हणून. आणि हे माझ्याच शब्दांत लिहा."

बाईंनी लिहून घेतलं, मुकादमाला सांगितलंही. त्यानं ऐकलं नाही. मावशी रिटायर होईपर्यंत मधल्याच टेबलावर राहिली. नणंद पुढे घरी बोलायला लागली, कामावर मात्र नाही. मावशीनं तिला एकदाही विनवलं नाही.