न मिळणारी काडतुसं

सत्तरच्या दशकात मी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात एका लहानशा गावात डॉक्टर होते. कोल्हा आमच्या कोंबड्या पळवू लागला, तेव्हा मी रीतसर बंदुकीचं लायसन्स काढलं. पण माझी उंची जेमतेम पाच फूट, मोठ्या रायफली मला पेलेनात. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्याची जुनी कार्बाइन मला दिली. आखूड नळीची आणि इतकी हलकी, की मी हरखूनच गेले.

काडतुसं आणायला गेले तर दुकानदार हसायलाच लागला. "डॉक्टर, पंचवीस-वीसच्या जुन्या मापाची काडतुसं? मी ती ठेवणं कधीच बंद केलं!"

मग मी दवाखान्याच्या दारावर ‘ही काडतुसं हवीत’ अशी चिठ्ठी लावली. आठवडाभरात पेशंट खोकल्याबरोबर काडतुसंही घेऊन यायला लागले. कुणी जॅमच्या बाटलीतून आणायचं, कुणी तंबाखूच्या डबीतून. एका आजीबाईंनी तर नवऱ्याच्या लोकरी मोज्यात बांधून आणली. "तो गेल्यापासून शेडमध्येच पडून होती," असं म्हणून त्या बराच वेळ त्याच्याबद्दल बोलत बसल्या. तपासायचं राहूनच गेलं.

एका दुपारी कोल्हा कुंपणाशी दिसला. मी नीट नेम धरला आणि बार उडवला. आवाज ऐकून नवरा धावत आला.

"लागली का गं?"

"लागली. बादलीला."

तो पायरीवर बसून पोट धरून हसला, मग मलाही हसू आवरेना. कोल्हा मात्र त्या दिवसापासून आमच्याकडे फिरकला नाही.