पुढच्या दोरावरची बहीण

जोसातेकीला सगळे तेकी म्हणतात. 'आदि सेनिकाऊ' बोटीवर तो सारंग आहे. सुवा शहराच्या धक्क्यावरून ही बोट दूरच्या लाऊ बेटांना जाते. तिच्यावर पेट्रोलची पिंपं, बिस्किटांचे डबे, डुकरं, शाळामास्तर, सगळं एकत्र जातं. डेक सांभाळणं, खलाशांना हाकणं आणि महिन्यातून एकदा सगळ्यांना बुडायची सवय लावणं, हे तेकीचं काम. 'बुडायची सवय' हे त्याचेच शब्द.

इतर बोटींवर सराव म्हणजे विरंगुळा. भोंगा वाजतो, लोक जांभया देत जमतात, कोणीतरी डोकी मोजतं आणि सगळे चहाला पांगतात. तेकीच्या बोटीवर असं होत नाही. एकदा नारळाच्या दुधातला मासा चुलीवरून उतरत होता, नेमका तेव्हाच त्याने स्वयंपाकघरात आग लागल्याचं जाहीर केलं. आचारी रडकुंडीला आला. "आगीला तुझी भूक कळत नाही," तेकी म्हणाला. पुढे कितीतरी दिवस आचाऱ्याने त्याच्या ताटात फक्त शेपट्या वाढल्या. तेकीने त्या चवीने खाल्ल्या.

माणूस पाण्यात पडल्याचा सराव घ्यायला त्याने एक बुजगावणं केलं होतं. जुन्या डगल्यात नारळाची सोडणं कोंबलेली. त्याचं नाव कप्तान. "कप्तान पडला," अशी आरोळी उठली की खरे कप्तान, नेमानी नावाचे, खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणत, "अजून नाही." कप्तान कंदावू बेटाचे. कंदावूची माणसं चटकन रागवत नाहीत, असं कंदावूची माणसं सांगतात.

या सगळ्यात तेकीचा जीव होता तो होडीत. बोटीच्या कडेला टांगलेली, नारिंगी रंगाची, बुडायची वेळ आली तर सगळ्यांनी जिच्यात बसायचं ती होडी. ती जुन्या पद्धतीची होती. बटण दाबलं की उतरेल अशी नाही. तिला दोन दोर, एक पुढे, एक मागे. प्रत्येक दोर एका खुंट्याला गुंडाळलेला, त्या खुंट्यावर एकेक माणूस. दोघांनी दोर सारखे सोडले तर होडी आडवी, शहाण्यासारखी खाली जाते. एकाने घाई केली तर ती तोंडावर पडते, आणि आत बसलेले समुद्रात. म्हणून मध्ये एक जण उभा राहतो आणि हुकूम देतो. एकोणीस वर्षं तो एक जण तेकी होता. त्याच्या हुकमावर होडी कधी कलली नव्हती. हे तो स्वतः सांगत नसे. दुसऱ्याने सांगितलं की मात्र ऐकायला थांबे.

मग लुसेआने आली.

ती तेकीच्या धाकट्या काकाची मुलगी. सुवाच्या कचेरीत तिने बरीच वर्षं तिकिटं फाडली. फाडता फाडता खलाशाचं शिक्षण घेतलं, आणि चाळिशी ओलांडल्यावर बोटीवर नोकरी मिळवली. गावातून बोटीवर कामाला लागलेली ती पहिली बाई. पाहुणे येऊन तिला तिकिटाच्या खिडकीत बघत आणि म्हणत, सावलीतली नोकरी, चांगलं झालं. तिला सावली नको होती.

लाऊमध्ये चुलत बहीण म्हणजे सख्खीच बहीण, आणि बहिणीशी भाऊ बोलत नाही. भांडण म्हणून नव्हे, मान म्हणून. लहानपणी तेकी आणि लुसेआने ओहोटीला एकत्र खेकडे पकडत. एके दिवशी आत्याने दोघांना पाहिलं आणि म्हणाली, "आता पुरे." तेव्हापासून पुरे. ती ओट्यावर आली की तो उठे. काही सांगायचं असलं तर मधे तिसरं माणूस लागे. आणि हुकूम? बहीण भावापेक्षा वरची. तिला हुकूम सोडायचा म्हणजे आईच्या डोक्यावर टपली मारण्यासारखं.

कप्तानांना यातलं काही सुचलं नाही. कंदावूत इतकं कडक पाळत नाहीत. लुसेआनेचे हात दणकट होते, म्हणून त्यांनी तिला पुढच्या दोरावर नेमलं.

मागच्या दोरावर विलिसोनी होता. तेकीच्या आत्याचा मुलगा. आतेभाऊ-मामेभावांचं नातं लाऊमध्ये उलट टोकाचं: एकमेकांना मेव्हणा म्हणायचं आणि सतत थट्टा करायची. त्यांनी एकमेकांना सरळ उत्तर दिलं तर लोक विचारतात, तब्येत बरी आहे ना? बोटीवरचे बाकीचे बहुतेक खलाशी तेकीच्याच गावचे, त्याच्याच भावकीतले. म्हणजे लुसेआनेचे भाऊच. आतेभाऊ मात्र भावांत मोजत नाहीत, तेव्हा तिच्याशी बोलू शकणारा डेकवर एकटा विलिसोनी उरला.

पहिला सराव असा झाला.

"विलिसोनी, पुढचा दोर सोडायला सांग."

"लुसेआने," विलिसोनी म्हणाला, "सारंगसाहेबांची विनंती आहे. कालपासून त्यांचं पोट साफ नाही, तरी पुढचा दोर सोडावा."

"मेव्हण्या, एवढंच सांग. दोर सोड."

"एवढंच सांगतो. लुसेआने, पोटाचं राहू दे."

तोवर मागचा दोर हातभर सुटला होता. पुढचा जागेवरच. होडीचं बूड खाली गेलं, तोंड आभाळाकडे. आतली वल्ही घसरत एका कोपऱ्यात गेली. 'कप्तान' नावाचं बुजगावणं सरावासाठी आत बसवलं होतं, ते डोक्यावर उभं राहिलं.

खरे कप्तान खाली आले. त्यांनी बुजगावण्याकडे पाहिलं, मग तेकीकडे.

"सारंग, गुरुवारी तपासनीस येतोय. त्याच्यासमोर हे झालं तर बोट धक्क्यालाच राहील. तुमचं काय ते मला कळत नाही. तोवर जमवा. नाही जमलं तर तिला परत तिकिटाच्या खोलीत पाठवतो. मला दुसरा उपाय नाही."

लुसेआने चार पावलांवर दोर गुंडाळत होती. ती थांबली नाही. पण वेटोळं वाकडं पडलं.

मधल्या दिवसांत तेकी विलिसोनीच्या मागे लागला. जेवताना, अंघोळीच्या नळावर, संध्याकाळी कावा नावाचं पेय प्यायला वाडग्याभोवती बसल्यावर.

"गुरुवारी तोंडातून एक जादा शब्द काढलास तर तुला बुजगावण्याच्या जागी पाण्यात टाकीन."

"मग तुझं बोलणं तिला कोण सांगणार? बुजगावणं?"

"ते तुझ्यापेक्षा कमी बोलतं."

"ते तुझ्यापेक्षा दिसायलाही बरं आहे."

पण विलिसोनी सुधारला. बुधवारी होडी दोनदा उतरली आणि दोनदा वर आली. थोडी डोलली, कलली नाही. तेकीला त्या रात्री झोप लागली.

गुरुवारी तपासनीस आले. शलेंद्र प्रसाद, सुवाचेच. उन्हाची टोपी, बारीक आवाज. त्यांनी आल्या आल्या आचाऱ्याला विचारलं, तेल पेटलं तर काय करशील? आचाऱ्याने तेकीकडे सूड उगवल्यासारखं पाहिलं आणि खडाखडा उत्तर दिलं. झाकण टाकीन, चूल बंद करीन, पाणी ओतणार नाही. प्रसादांनी मान हलवली. मग भोंगा झाला. माणसं लाईफ जॅकेट चढवत होडीपाशी जमली. तेकी मध्ये उभा राहिला. लुसेआने पुढे, विलिसोनी मागे.

प्रसादांनी टोपी सारखी केली आणि विलिसोनीच्या खांद्यावर हात ठेवला.

"हा माणूस धुराने बेशुद्ध झाला आहे. त्याला झोळीवर घ्या."

विलिसोनीला झोळीवर घेतलं. त्याच्या जागी पेनी आला. पेनी गावचा, म्हणजे लुसेआनेचा भाऊ. तोही खाली बघू लागला.

तेकीने तोंड उघडलं. मिटलं. दोर त्याच्यासमोर होते. फक्त दोन शब्दांचं काम होतं.

"लुसेआने, पुढचा..." झोळीवरून आवाज आला.

"बेशुद्ध माणूस बोलत नाही," प्रसाद म्हणाले.

"मग थोडा शुद्धीवर येतो, साहेब."

"येऊ नका."

 तेकी प्रसादांकडे वळला आणि अदबीने म्हणाला, "साहेब, पुढचा दोर हळूहळू सोडायला हवा."

"हो, सोडायला हवा," प्रसाद म्हणाले. मग पुढे उभ्या बाईकडे बघून त्यांना वाटलं, तिला ऐकू आलं नसावं. "पुढचा दोर हळूहळू सोडा."

लुसेआनेने सोडला. "साहेब, सुटतोय म्हणून सांगा."

"सुटतोय," प्रसादांनी तेकीला सांगितलं.

"साहेब, आता जरा धरायला हवा."

"जरा धरा."

अर्ध्यावर आल्यावर प्रसादांच्या लक्षात आलं की सराव आपणच घेतोय. त्यांनी टोपी काढली. होडी तिथेच लोंबकळत राहिली.

"हे काय चाललंय?"

सगळे होडीकडे बघू लागले. शेवटी झोळीवरल्या बेशुद्ध माणसाने सगळं सांगितलं, आणि या वेळी त्याला कोणी अडवलं नाही.

प्रसाद ऐकत राहिले. त्यांना हसू आलं, पण ते गेलंही लवकर. "माझी आजी तिच्या मोठ्या दिरांशी जन्मात बोलली नाही," ते म्हणाले. "दाराशी बोलायची. दारा, जेवण वाढलंय. दारा, गाय सुटलीय. तेव्हा मला शिकवू नका. पण त्या दारावर पन्नास माणसांचा जीव नव्हता. बोट खरंच बुडेल तेव्हा मी कचेरीत असेन आणि हा गडी खरंच बेशुद्ध असेल. अर्ध्या तासाने परत सराव घ्या. या भाऊ-बहिणीपैकी एकाला जागेवरून हलवा."

कोणीच लुसेआनेकडे पाहिलं नाही. न बघण्यातूनच कळलं, कोणाला हलवायचं ते. कप्तान घसा साफ करू लागले. ती हातमोजे काढू लागली, एकेक बोट करून.

"होडीवर हुकूम देण्याची परीक्षा अजून कोण पास आहे?" प्रसादांनी सहज विचारलं.

तेकीला ठाऊक होतं. ती बोटीवर आली त्या दिवसापासून ठाऊक होतं. गावच्या जेवणात मामाने मोठ्या आवाजात सांगितलं होतं, लुसेआने होडीच्या परीक्षेत पहिली आली. तेकीने तेव्हा उकडलेल्या टॅरो कंदाचा मोठा घास तोंडात घातला होता. भाऊ बहिणीला हुकूम देत नाही. पण बहिणीने हुकूम दिला तर भावाने ऐकायचंच असतं, आणि ते त्याला कधी जड जात नाही. एवढी सोपी गोष्ट. फक्त त्यासाठी मधल्या जागेवरून हलावं लागत होतं. एकोणीस वर्षांच्या जागेवरून.

"साहेब," तेकी म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच बारीक वाटला. "होडी तिला द्या. ती पास आहे. मी पुढच्या दोरावर जातो."

झोळीवर विलिसोनी उठून बसला. "मी बेशुद्ध नाही. मी मेलोच आहे. नाहीतर हे कानावर कसं पडेल?"

तेकी बाजूला झाला. अर्ध्या तासात सगळ्यांनी होडी परत वर ओढून टांगली. लुसेआनेने हातमोजे परत चढवले आणि मध्ये येऊन उभी राहिली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. होडीकडे पाहिलं.

"दोर धरा," ती म्हणाली. कोणा एकाला नव्हे, सगळ्या डेकला. तिचा आवाज तिकिटाच्या खिडकीमागचा. गर्दीच्या टोकाला उभ्या माणसापर्यंत सहज पोचणारा.

तेकीने दोर धरला.

"सोडा. सारखे. सारखे."

दोर खुंट्यावरून करकरत सुटू लागला. तेकीला वाटलं होतं, हे काम डोळे मिटून जमेल. पण मधून बघणं वेगळं आणि तळहातात होडीचं वजन घेणं वेगळं. पुढचं टोक खाली झुकलं.

"पुढचा दोर, हळू."

एकोणीस वर्षांत तेकीला कोणी 'हळू' म्हटलं नव्हतं. त्याने दोर आवळला. होडी सपाट झाली आणि जेवायच्या चटईवर ताट ठेवावं तशी पाण्यावर टेकली.

प्रसादांनी टोपी घातली. "जेवायला काय आहे?" त्यांनी विचारलं. आचारी धावत आत गेला.

जेवताना कप्तान तेकीशेजारी येऊन बसले. "वाईट वाटलं, सारंग?"

"हात सोलवटले," तेकी म्हणाला. मग माशातला काटा काढत, "होडी कलली नाही ना?"

"नाही."

"मग वाढा अजून."

आता होडी लुसेआनेची आहे, पुढचा दोर तेकीचा. दोघं अजूनही बोलत नाहीत. गेल्या महिन्यात ताज्या माशाचा, लिंबाच्या रसात मुरवलेला कोकोंदा झाला होता. तेकीने पहिला घास तोंडात घातला आणि भोंगा वाजला. त्याने आचाऱ्याकडे पाहिलं. आचारी छताकडे बघत होता. तेकी तोंडात मासा घेऊन धावला, हाताला लागलं ते जॅकेट चढवलं आणि दोरापाशी उभा राहिला.

लुसेआनेने रांगेवरून नजर फिरवली. मग समुद्राकडे बघत म्हणाली, "कोणाचं तरी जॅकेट उलटं आहे."

सगळ्यांनी वाकून आपापली छाती तपासली. तेकीने तपासली नाही. तो मासा गिळत जॅकेटच्या गाठी सोडू लागला.