शेवंता पुस्तक कशी निवडायची

शेवंता गेल्याची बातमी मला पुण्याहून कळली. माझ्या वसमतहून तिचं कळमनुरी असं कितीसं लांब! पण तिच्या मुलानं ते फोनच्या स्टेटसवर टाकलं होतं आणि मी स्टेटस बघत नाही. पुण्याच्या इरानं पाहिलं, कुठून तरी माझा नंबर मिळवला आणि रडत म्हणाली, "राठोडबाई गेल्या हो..." नोकरीची सगळी वर्षं शेजारच्या वर्गावर शिकवणारी माझी मैत्रीण गेली, आणि ते मला कोण सांगत होतं, तर जिनं तिला कधी प्रत्यक्ष पाहिलंही नाही अशी एक मुलगी. रडू यायच्या आधी मला हेवा वाटला.

शेवंताच्या बाबतीत तो काही नवा नव्हता. माझे वडील देवळातले पुजारी, घरात पोथ्या, मासिकं, वर्तमानपत्रं. शेवंता तांड्यावरची, तिच्या घरात शाळेच्या पुस्तकापलीकडे छापील कागद नव्हता. आणि तरी पुस्तकाच्या दुकानात ती माझ्या कायम पुढे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही एसटीनं नांदेड गाठायचो. मी समोरच्या टेबलावरची, कुठं तरी नाव ऐकलेली दोन पुस्तकं उचलायची आणि वाट बघत बसायची. शेवंता पिशवी खाली ठेवून कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीपासून सुरुवात करायची. पुस्तक मधेच उघडायची, उभ्या उभ्या पानभर वाचायची, ठेवून द्यायची. दुकानदार आधी संशयानं बघायचा, मग स्वतःच स्टूल आणून देऊ लागला. एकदा स्पर्धा परीक्षांच्या गाईडांमागून तिनं एक फाटक्या कव्हरचं पुस्तक ओढून काढलं. विहिरी खणणाऱ्या एका माणसानं लिहिलेली स्वतःची हकिकत. इतकं सुंदर की मी ते वाचायला नेलं आणि परत द्यायला मन होईना. त्या दिवशी तर त्याच फळीपुढं तिच्याआधी मी वाकले होते!

"तुला कसं गं सापडतं?" मी चिडून विचारायची.

"तू नाव वाचून राहिलीस, म्या पुस्तक वाचून राहिले," ती म्हणायची.

निवृत्तीनंतर ती मुलाकडं कळमनुरीला गेली. गुडघे गेले, नांदेड सुटलं. मुलानं मोठा फोन दिला, पुस्तकं त्यावरच बघ म्हणाला. मला आतून बरं वाटलं. आता आपण दोघी सारख्या, फोनवर कुठली आलीय खालची फळी? सुरुवातीला तीही वैतागली. "सुमे, हे दुकान माझ्या मागं मागं फिरून राहिलंय. एक स्वयंपाकाचं पुस्तक काय बघितलं, आता कुकर दाखवतंय." पण मग फोनवरच्या कुठल्याशा वाचकांच्या गटात तिला इरा भेटली. पुढं शेवंताची नजर अधू झाली, तशी पुस्तकांची सुरुवातीची जी चार पानं फोनवर फुकट वाचता येतात, ती इरा तिला वाचून दाखवू लागली. माझ्या प्रत्येक फोनमध्ये 'इरा म्हणते' आलंच.

शेवटची भेटले तेव्हाही तेच. दुपारची वेळ. ती बाजेवर, फोन उशीवर. मला बघून तिनं हात वर केला... थांब. मी वसमतहून उन्हात आलेली, आणि थांब! फोनमधून ती कोवळ्या आवाजाची पोरगी वाचत होती. पान संपलं तशी शेवंता म्हणाली, "न्हाई जमत. दुसरं बघ, बेटा."

फोन बंद झाल्यावर मी म्हणाले, "मी वाचून दाखवलं असतं की."

"तू लई दूर हायेस, सुमे."

"आणि ती पुण्यात आहे, ती जवळ?"

"ती रोज येती," शेवंता म्हणाली. मग माझं तोंड बघून खोकला येईस्तोवर हसली. "काहून एवढी फुगलीस? जरा बरं वाटू दे, आपण गाडी करून नांदेडला जाऊ."

ते झालं नाही.

तेराव्यानंतर इरा वसमतला माझ्याकडं आली. चहाचा कप तसाच खाली ठेवला. मग म्हणाली, "मला तुमचा फार हेवा वाटायचा. बाई सारखं तुमचं सांगायच्या. मी फक्त आवाज ऐकलाय त्यांचा. मला ते दुकान दाखवाल?"

तिच्याबरोबर नांदेडला गेले. प्रत्येक पुस्तकाचं नाव ती फोनवर टाकून लोकांनी काय लिहिलंय ते बघत होती. "ठेव तो फोन," मी म्हटल्यावर तिनं तो मुकाट्यानं पर्समध्ये टाकला आणि सरळ फरशीवर बसली. शेवंता कुठं उभी राहायची, पुस्तक कुठून उघडायची, सगळं मी दाखवलं. मग तिनं विचारलं, "पण हे घ्यायचं, हे नको, हे त्या कशावरून ठरवायच्या?"

ते मला ठाऊक होतं. पान आवडलं की शेवंता त्यातली दोन वाक्यं ओठातल्या ओठात गोरमाटीत, तांड्यावरच्या आपल्या बोलीत, म्हणून बघायची. घरी अक्षर न येणारी आई होती, रात्री तिला पुस्तक सांगायचं असायचं. गोरमाटीत नीट उतरलं तर घ्यायचं, नाही तर परत फळीवर. आई गेल्यावरही ती तसंच करायची. फोनवर हे कुणाला ऐकू जाणार? त्यासाठी तिच्या खांद्याला खांदा लावून उभं राहावं लागायचं, आणि तशी फक्त मी उभी राहिले होते.

"कोण जाणे," मी इराला म्हणाले.

आता मी लिहिलेलं हे छापून येईल. ती फोनवर वाचेल आणि लगेच मला फोन करील. करू दे.