बाजूच्या खाटेचा पाहुणा

धंतोलीतल्या एका दवाखान्यात पायाला प्लास्टर घालून मी पडून होतो, तेव्हा रोज दुपारी भेटीच्या वेळेला एक अनोळखी गृहस्थ यायचे. ज्या खाटेजवळ कोणी नसेल तिथे स्टूल ओढून बसायचे. बहुतेक ती खाट माझीच असायची. माझं गाव मौद्याच्याही पलीकडे, आणि भावाशी अबोला होता.

त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. चर्चमधले आहेत एवढंच कळलं होतं. संत्रं सोलताना फोडींवरचे पांढरे धागे एकेक करून काढत बसायचे. पहिल्या दिवशी म्हणाले, "तुह्यासाठी प्रार्थना करू का गा?" मी नको म्हणालो. "बरं, मंग मनातच करतो," म्हणून त्यांनी चपला काढल्या आणि डोळे मिटले. मला रागच आला. पुढे मात्र त्यांच्या चपलांच्या आवाजाकडे माझे कान लागलेले असायचे.

एका दुपारी अचानक भाऊ आला. त्यांच्याकडे रोखून पाहत त्याने मला विचारलं, "हे कोण?"

ते लगेच उठले. "बसा न भाऊ. मी तं बाजूच्याले भेटाले आलो होतो."

स्टूल भावाकडे सरकवून ते शेजारच्या खाटेकडे गेले. तिथला म्हातारा सकाळीच घरी गेला होता. गादीही गुंडाळून ठेवलेली होती.

त्या उघड्या खाटेच्या कडेला बसून त्यांनी चपला काढल्या आणि डोळे मिटले. भाऊ गावचं सांगत होता, मी नुसता हुंकार देत होतो. भेटीची वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत ते तिथेच बसून होते.